डावी टाच

मशीन ह्यांना लागायची आणि लंगडायचं मी, असं आमच्याकडे ठरलं होतं, आणि ठरलं कुठे तर पलासिया भागातल्या त्या दवाखान्याच्या जिन्यावर, दोन मजले उतरेपर्यंत.

हे म्हणजे माझे मिस्टर. त्यांना पोरगी झाल्यावर शुगर निघाली, वय काही नाही तरी, पण त्यांच्या वडिलांनाही होती म्हणे. शुगरने माणसाचं काय काय बिघडतं ते मला कुठे माहीत, मी माहेरी, महूला, नववीपर्यंत शाळेत गेले नि मग बस्स, लग्न. मला एवढंच कळत होतं की नवरा-बायकोतलं जे असतं ते हळूहळू बंद पडलं. हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. काही विचारलं की म्हणायचे, "आरशात बघ एकदा, कोणाला मन होईल?" मी खरंच बघायचे आरशात. मला वाटायचं माझंच काहीतरी झालंय.

सासूबाईंना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त दिसत होतं की पोरगी तीन वर्षांची झाली आणि तिच्या मागून काहीच नाही. महिन्याच्या त्या दिवसांत मी देवघराकडे नाही गेले की पोह्यांची प्लेट समोर आपटून म्हणणार, "काय, ह्या महिन्यातही बसलीस का?" आणि एकदा मी कपडे वाळत टाकत होते तेव्हा त्या दारापुढच्या ओटल्यावर समोरच्या काकूंना सांगत होत्या, "दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर हिला पाठवून देते महूला. पोरगी ठेवून घेईन, पोरगी आमच्या रक्ताची आहे."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मला मारा, उपाशी ठेवा, मी काही म्हणत नव्हते, पण पोरगी इथे आणि मी तिथे, हे कानात शिरलं ते निघालंच नाही. त्या दिवसापासून मी घाबरूनच उठायचे नि घाबरूनच झोपायचे.

मग ह्यांनीच कुठूनतरी मोबाइलवर शोधून काढला तो दवाखाना. खाली कोचिंग क्लास, वर हा. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं बायकोला घेऊन या, म्हणून मला नेलं, नाहीतर मला कळलंही नसतं. पोरगी माझ्या मांडीवर. डॉक्टर चांगले होते, माझ्याकडे बघून बोलले. "देखिए भाभीजी, इसमें न काटना, न सुई, न भर्ती होना. मशीन से हलके-हलके झटके देते हैं, उससे खून की नई बारीक नलियां बनने में मदद मिलती है. लेकिन मैं गारंटी नहीं देता. किसी को फायदा होता है, किसी को नहीं. शुगर काबू में और गुटखा बंद, तभी कुछ बात बनेगी." हे मान खाली घालून हव, हव करत होते.

तेव्हा मला कळलं की माझं काही नव्हतं झालेलं. मी रडायलाच लागले. ह्यांनी कोपर मारलं.

भिंतीवर एक मोठा फोटो होता पायाचा, टाच लाल दाखवलेली. मी डॉक्टरांना सहज विचारलं हे काय, तर म्हणाले तशीच मशीन टाचेला, खांद्यालाही लावतात. बस्स. हेच ह्यांनी धरलं. जिन्यावर मला म्हणाले, "घरी विचारलं तर तुझी टाच."

"माझी टाच?"

"टाच दुखते, मशीन लावायला दर शनिवारी यावं लागतं. समोरच्या काकूचा पोरगा इथेच बँकेत आहे, आज ना उद्या बघणार आपल्याला. काय सांगू त्याला मी?"

"आईंना खरं सांगा ना एकदा. त्या मला पाठवून देणार आहेत."

"वेड लागलंय का?" ते इतकं जोरात बोलले की क्लासची मुलं वळून बघायला लागली. मग हळूच म्हणाले, "होऊ दे मला बरं, मग सांगतो. तोवर लंगड."

होऊ दे बरं मग सांगतो, हे मी देवाच्या नावासारखं धरून ठेवलं.

लंगडणं सोपं नाही, सांगते. कुणी बघत नसलं की पाय आपोआप सरळ पडतो. दूध उतू जायला लागलं की मी धावायचे, आणि मग आठवायचं. एकदा सासूबाईंनी पकडलंच. "काल डावा होता ना गं?" "दोन्हीत जातं आई कधी कधी," मी म्हटलं. त्या दिवशी मी डाव्या पायात काळा दोरा बांधला, नजरेचा म्हणून, खरं तर आठवणीचा.

सासूबाईंनी काही सूट दिली नाही, उलट जास्त कामं काढली. गच्चीवर पापड टाक, खालून पाण्याची बादली आण. काकू आल्या की म्हणायच्या, "एक तर वंशाला दिवा नाही, त्यात ही लंगडी. आम्ही काय पाप केलं?" काकू फिदीफिदी हसायच्या. "अहो, घोडीची टांग मोडली की काय करतात माहितीये ना!" हे आत बसून ऐकायचे. कधी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

दर शनिवारी हाफ डे झाला की आम्ही जायचो. हे पडद्याआड झोपायचे आणि आतून टक टक टक आवाज यायचा, गॅसचा लायटर पेटत नसला की आपण दाबत राहतो ना, तस्सा. मी बाहेर पोरगीला बिस्किट देत बसायचे. थोड्या वेळाने हे बाहेर यायचे, शर्ट खोचत, जसे केस कापून आले.

आता शनिवारीच सासूबाई मारुतीला जायच्या. तिथून रुईची पानं घेऊन यायच्या, माळेतली उरलेली. एका शनिवारी आम्ही निघायच्या आधी म्हणाल्या, "त्या मशीनने काही होत नाही. थांब." तुळशीच्या कुंडीखालची वीट काढली, गॅसवर ठेवली. टाच शेकायला घराघरात करतात हे, मला माहीत होतं, माझ्या आजीनेही केलेलं, पण ती आधी स्वतःचा हात ठेवून बघायची. सासूबाईंनी वीट सांडशीने फरशीवर ठेवली, वर तेल लावलेलं पान टाकलं आणि म्हणाल्या, "ठेव टाच."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दारात उभे होते, चप्पल घालून, हातात मोबाइल. ह्यांना माहीत होतं ना, माझ्या टाचेत काही नाही म्हणून. सगळ्या जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी नुसतं बघत राहिले, की आता बोलतील, आता बोलतील.

"ठेव ना," हे म्हणाले. "उशीर होतोय."

मी ठेवली. पान चर्र झालं. मी पाय उचलायला गेले तर सासूबाईंनी दोन्ही हातांनी माझा गुडघा खाली दाबला, सगळा भार देऊन. "ओरड, ओरड. दुखणं निघतंय." कातड्याचा वास आला. पोरगी दाराच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने फ्रॉकमध्ये शू केली, त्यावरूनही मलाच बोलल्या.

त्या दिवशी जिना मी खरंच लंगडत चढले. डॉक्टरांनी फोड बघितला. "ये क्या हुआ?"

"तवा गिर गया सर, पैर पे," हे पटकन म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. टाचेच्या खाली तवा कसा पडतो, हे त्यांना नसेल का कळलं? पण मी काही बोलले नाही, मग तेही नाही बोलले. ड्रेसिंग करायला सांगितलं आणि ह्यांना म्हणाले, "आइए, लेटिए." पडदा ओढला. टक टक टक.

बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "मशीनचं काही कळतच नाही गं. आज तर मला झोपच लागली."

पुढचे दिवस मला नाटक करावं नाही लागलं. पाय टेकवत नव्हता. तोंड वाकडं करून, भिंतीला धरून मी चालायचे, आणि पोरगी माझ्या मागे मागे. तिला दुसरं कोण आहे? मी बसले की बसायची, मी उठले की उठायची. माझ्या लक्षातच नाही आलं ती कधी शिकली.

रविवार होता, सगळे घरी. पोरगी बाहुली घेऊन आतल्या खोलीतून आली आणि डावा पाय ओढत होती. तोंडही माझ्यासारखंच वाकडं.

सासूबाईंनी शेव खाता खाता वर बघितलं. "अगं बाई! हिचंही सुरू झालं?"

"नक्कल करतेय आई," मी म्हटलं.

"पोरं नक्कल हसत करतात. हिचं तोंड बघ." मग पोरगीला जवळ घेतलं. "दुखतं का गं बाळा?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मला कुणी विचारलं की मी काय म्हणते ते तिला पाठ होतं. "हो," म्हणाली.

"कुठे?"

तिने बरोबर डाव्या टाचेवर बोट ठेवलं.

सासूबाई उठल्या. "लहानपणीच काढलेलं बरं, नाहीतर आईसारखी होईल." आणि वीट घेऊन गॅसकडे गेल्या. मला खरंच आधी वाटलं भीती घालताहेत. मग गॅस पेटल्याचा आवाज आला.

"अहो," मी ह्यांना म्हटलं. "अहो, सांगा ना. अहो!"

हे सोफ्यावर होते. वीट बघितली, मला बघितलं, पोरगीला बघितलं. मग म्हणाले, "आई, जास्त गरम नको करू."

बस, एवढंच.

मी पोरगीला उचललं, माझी टाच फरशीवर घासली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी तिला खांद्यावर घेतलं आणि किंचाळले, किंचाळलेच, की तिच्या पायाला काही नाही, माझ्याही पायाला काही नव्हतं, कधीच नव्हतं, मशीन तुमच्या मुलाला लावतात, शनिवारी पडद्याआड तो झोपतो, मी नाही, त्याचं होत नाही म्हणून मूल होत नाही, विचारा त्याला, विचारा!

गॅस तसाच चालू होता.

"खरं आहे का रे?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी नाही म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तेही नाही. मोबाइलवर अंगठा फिरवत बसले, आणि मोबाइल तर बंद होता.

मला वाटलं आता मारतील. पण सासूबाईंनी आधी गॅस बंद केला. मग माझ्याजवळ आल्या, आणि अगदी हळू, जसं पाळण्यातलं घेतात तसं, पोरगीला माझ्या खांद्यावरून काढून घेतलं.

"मग तर ही एकच झाली आमची," म्हणाल्या. "दुसरं काही आता येणार नाही. तू जा, राहा, मर, काय करायचं ते कर. ही ह्या घरातून नाही जाणार."

मी जे वाचवायला बोलले तेच माझ्या हातातून गेलं. मी इतकी मूर्ख, मला वाटलं होतं खरं कळलं की त्या मला सोडतील.

"आणि बाहेर एक शब्द काढलास ना," त्या पुढे म्हणाल्या, "तर पोरगीचं तोंड बघायला नाही मिळणार. टाच तुझीच आहे. समजलं? लंगडायचं."

दुपारी मी बाथरूममध्ये नळ सोडून आईला फोन केला महूला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं पण नवऱ्याचं असं घरात ओरडून सांगतात का? आता त्याला तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस." मी म्हटलं, आई, पोरीला डागत होते. "डागलं नाही ना पण?" ती म्हणाली.

आता टाच भरली आहे. कातडी तिथली गुळगुळीत, गुलाबी झाली, खाली खडा आला तर कळत नाही. ह्यांचं मशीनचं सुरू आहेच. फरक पडला का ते मला विचारू नका, हे माझ्याजवळ येतच नाहीत. माझं चार माणसांत काढलंस म्हणतात. चार माणसं म्हणजे हे, त्यांची आई, मी आणि पोरगी.

शनिवारी मला अजून बरोबर जावं लागतं, काकूंना दिसायला हवं ना. पोरगीला आता नेऊ देत नाहीत. सासूबाई तिला मनगटाला धरून ओटल्यावर बसतात, आम्ही कोपऱ्यावर जाईपर्यंत. पोरगी रडत नाही, नुसती बघते. मागच्या शनिवारी हे पुढे निघून गेले होते नि मी घाईत होते, दुपट्टा सावरत पायऱ्या उतरले, भराभर चार पावलं टाकली. समोर काकू कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली.

मागून पोरगीचा आवाज आला, बारीक, घाबरलेला.

"आई, पाय!"