कपाळावरची जांभळी रेघ

माझे केस कमी झालेत हे मला आरशाने नाही, चुलतबहिणीच्या हळदीच्या सीडीने सांगितलं.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडवात बँजो, अंगणभर माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध शूटिंगवाला, कॅमेऱ्यावर ती डोळे दिपवणारी लाईट लावून. मी नवरीमागे हळदीचं ताट धरून उभा होतो. पंधरा दिवसांनी सीडी आली आणि दादूसच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, नव्या बंगल्यात आम्ही सगळे बघायला बसलो. सीडीत मी ताट खाली ठेवायला वाकलो. लाईट बरोबर डोक्यावर आली आणि कपाळाच्या वरचे दोन्ही कोपरे घासलेल्या टोपासारखे चमकले.

"थांबव, थांबव," काकी म्हणाली. "मागं घे जरा."

दादूसने रिमोटने मागं घेतलं. मी पुन्हा वाकलो, पुन्हा चमकलो.

"टकल्या नंबर दोन!" कोणीतरी ओरडलं आणि घरभर हशा पिकला.

नंबर एक माझे बाबा. बाबांचं डोकं मी जन्मापासून तसंच पाहिलंय, गुळगुळीत, उन्हाने तांबूस झालेलं. गावात त्यांना तोंडावर टकल्या म्हणत आणि ते ओ देत. त्या दिवशीही ते सगळ्यांबरोबर हसले. मी पण हसलो. मग घरी येऊन मोरीतल्या आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो.

दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. मी भिवंडीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या बाबतीत काहीही झालं की त्याचं खापर कॉलेजवर फुटायचं. चष्मा लागला, कॉलेज. जेवण कमी झालं, कॉलेज. आता केसांचंही तेच.

"पुस्तकांनी खाल्ले बघ ह्याचे केस," काकी आईला म्हणाली. "एवढं शिकवू नको बोलले होते."

"काकी, बाबांनी कुठलं पुस्तक वाचलं?" मी विचारलं.

पण आईला काकीचं थोडंसं पटलं असावं. त्या आठवड्यापासून मी अभ्यासाला बसलो की ती माझ्या डोक्यावर खोबरेल तेल थापायची. मी केस पुढे ओढून कोपरे झाकायला लागलो. वर्गात पंख्याखालची जागा सोडली. कोणी माझ्यापेक्षा उंच माणूस समोर आला की मान आपोआप वर जायची, त्याला वरून दिसू नये म्हणून. आता आठवलं की त्या मुलाची दया येते. गेलं होतं किती? दोन्हीकडे दोन-दोन बोटं, बस.

हे एवढ्यावरच राहिलं असतं, पण तेव्हाच पडघ्याकडचं एक स्थळ आलं होतं. लग्न दोन वर्षांनी, माझं शिक्षण होऊन नोकरी लागल्यावर. सुपारी मात्र आत्ताच फोडून ठेवायची, असं चाललं होतं. मी मुलीला एकदाच पाहिलं होतं. ती बारावी झालेली होती. सगळे चहाची वाट बघत बसलेले असताना तिने मला विचारलं, "कॉस्टिंग म्हणजे काय असतं?" आणि मी तिला पाच मिनिटं कॉस्टिंग समजावून सांगितलं. एका कपाच्या चहात कायकाय खर्च येतो ते सांगितलं, दूध, साखर, गॅस, चहा करणाऱ्याची मजुरी. ती म्हणाली, "मग चहा करणारीला काय मिळतं?" आणि तिची आई तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागली. मला ती आवडली होती. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

मध्यस्थाकडून निरोप आला तो असा : मुलगा चांगला, शिकलेला, पण मुलीच्या मामांचं म्हणणं आहे की आत्ताच केस असे, तर पुढे काय? केसांचं काहीतरी करून घ्या, मग सुपारीचं बघू.

दादूसने हे मनावर घेतलं. त्याच्या वाटणीची जमीन मानकोलीजवळ गोडाऊनला गेली होती आणि तेव्हापासून कुठलीही अडचण म्हणजे बदलून टाकायची वस्तू, असं त्याला वाटायला लागलं होतं. मनाने मात्र तो मोठाच. माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला गाडीवर बसवून तोच घेऊन गेला होता.

"केस लावतात आता," तो म्हणाला. "ठाण्याला. डोक्याच्या मागचे काढायचे, पुढं लावायचे. आपलेच केस, खोटं काय न्हाय. खर्च सगळा माझ्याकडं लागला."

"दादूस, पण एवढ्याशासाठी..."

"एवढंसं हाय तवरच करायचं. घराला भेग पडली तर घर पडायची वाट बघतंस का?"

मी त्याच्या गाडीत बसलो.

दवाखाना हॉटेलसारखा होता. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीचा माणूस प्रत्येक फोटोत उदास, नंतरचा हसरा, आणि शर्टही नवा. पांढरा कोट घातलेल्या एका मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि जांभळ्या पेनाने माझ्या कपाळावर एक रेघ ओढली, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत.

"इथपर्यंत आणू आपण. तुमची एकदम सुरुवात आहे. आत्ता केलंत तर कोणाला कळणारही नाही."

तेव्हाच माझ्या मनात आलं की केलं नाही तरी कोणाला कळत नाही, शूटिंगची लाईट नसेल तर. मॅडम पुढे सांगत होत्या. डोक्यामागची एक पट्टी कापून घ्यायची, टाके घालायचे, त्या पट्टीतले केस एकेक करून पुढे रोवायचे. त्याआधी सगळं डोकं मशीनने बारीक भादरायचं.

त्या 'रोवायचे' म्हणाल्या तेव्हा मला आधी भाताची आवणी, म्हणजे लावणी, आठवली, आणि मग आवणीची शेतं कशी गेली ते आठवलं. आमच्या भागातली भातखाचरं तेव्हा गोडाऊनसाठी एकामागून एक भरली जात होती. भरावाचा मुरूम यायचा वडप्याकडच्या एका टेकडीतून. लहानपणी आम्ही तिच्यावर करवंदं काढायला जायचो. शेत भरून आलं, पण टेकडी अर्धी झाली ती झालीच.

"मॅडम," मी विचारलं, "हे लावलेले राहतील. पण ह्यांच्या मागचे, आत्ता आहेत ते, उद्या गेले तर?"

"मग पुन्हा एकदा करायचं."

"आणि डोक्यामागचे संपले तर?"

"अरे, काय वकिली करतंस," दादूस म्हणाला.

मॅडमनी आत जाऊन डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझं डोकं बोटांनी चाळलं. "वय? वडिलांना किती गेलेत?" मी सांगितलं, एकवीस, आणि पूर्ण. "मग घाई करू नका," ते म्हणाले. "तुमची गळती कुठे थांबते ते अजून ठरलेलं नाही. आत्ता पुढे भरलं आणि मधलं गेलं, तर पुढे नुसता एक पट्टा उरेल. आहेत ते टिकवायला रोज औषध घ्यावं लागेल, थांबवलं की परत गळती. तरी करायचंच असेल तर करू."

दादूसला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. त्याने पुढच्या सोमवारची वेळ घेतली.

जांभळी रेघ साबणाने गेली नाही. आईने आधी खोबरेल लावून पाहिलं, मग रॉकेलचा बोळा. रेघ फिकी झाली, गेली नाही. घासता घासता तिने विचारलं, काय काय करणार म्हणून. मी सांगितलं. भादरायचं म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"बाप जिता हाय ना तुजा?"

मी हे विसरलोच होतो. आमच्यात बाप जिवंत असताना मुलगा डोकं भादरत नाही, मिशीसुद्धा सफाचट करत नाही. डोकं उतरतं ते बापाच्या दहाव्याला. तीन वर्षं कॉलेजात घालवून मी इतका पुढे आलो होतो की दवाखान्यात टेकडीचा हिशोब विचारला, आणि ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

"कुणाच्या नावानं भादरणार हायेस?" आईचा आवाज चढला. "बाप समोर बसलाय, आन् हा चालला डोकं उतरवायला!"

बाबा ओटीवर विळ्याला धार लावत होते. आमचं एकच खाचर उरलं होतं, गोडाऊनच्या भिंतीला लागून, ते बाबा अजून पिकवायचे. ते आत आले. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "भादरू दे त्याला. केस काय, येतात परत. मी त्यानं मरत न्हाय."

मग खाली बसले. आपल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि मला विचारलं, "लय वाईट दिसतं काय रं?"

खरोखर विचारत होते. त्यात टोमणा नव्हता. आयुष्यभर लोकांबरोबर हसत आलेला माणूस पहिल्यांदाच विचारत होता, कारण शिकलेल्या मुलाला माहीत असणार. मी काय सांगणार होतो? मी गेले चार महिने कोणापासून पळत होतो? कोपऱ्यांपासून नाही. मी बाबांच्या डोक्यापासून पळत होतो, आणि ते पळणं त्यांनी पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी रेघेसकट कॉलेजात गेलो. केस पुढे ओढले नाहीत. आमच्या वर्गात एका लूमवाल्याचा मुलगा होता, माझा मित्र. त्याने बघताच विचारलं, "ये क्या है? किसने लाईन मारी तुझपे?"

मी पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सरळ सांगितलं. त्याने मला खिडकीजवळ नेलं, मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"गये किधर हैं, ये तो बता."

"हे काय, इथे."

"इधर तो बाल है, भाई."

"इथे नाही, वर. कोपऱ्यात."

आणखी दोघं आले. तिघांनी मिळून माझं टक्कल शोधलं. लूमवर तुटलेला धागा शोधावा तसं शोधलं. शेवटी एकाला सापडलं, तर बाकीच्यांनी ते मानलं नाही. मी एवढा हसलो की सरांनी आम्हाला बाहेर काढलं.

रविवारी मी दादूसकडे गेलो. "मला नाही करायचं," मी म्हणालो.

त्याने मोठा श्वास घेतला. त्याला माझ्या आईचं म्हणणं आधीच कळलं होतं. "बरं. मी मध्यस्थाला सांगतो, आमच्यात बाप जिता असताना भादरत न्हाय. रीतच तशी हाय. मग मामाबी काय बोलणार? तुजं मनबी राहील, आपली इज्जतबी राहील."

वाट सोपी होती. रीतीच्या मागे उभं राहिलं की कोणी काही म्हणत नाही. मी हो म्हणायच्या बेतात होतो. पण मग बाबांचं काय झालं असतं? केस नसणं वाईटच, फक्त बाप आडवा आला, असा त्याचा अर्थ झाला असता.

"नको, दादूस. असं सांगू नको. रीतीमुळे नव्हे, मला नको आहे म्हणून करत नाही, असं सांग. बाबांच्या वयापर्यंत माझं डोकंही त्यांच्यासारखं होईल, हेही सांग. चालत असेल तर सुपारी फोडू."

"येडा झालास काय? स्थळ जाईल."

"जाऊ दे."

"मी त्या डॉक्टरला शब्द दिलाय!"

"तो म्हणाला, घाई करू नका. तू ऐकलं नाहीस."

दादूस माझ्याशी दोन महिने बोलला नाही. स्थळ गेलं. मामांनी कळवलं की मुलगा जास्तच बोलतो. मुलीला काय वाटलं होतं ते मला कधी कळलं नाही. तिला कोणी विचारलं होतं की नाही, तेही नाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं. पण ज्या घरात माझ्याआधी माझं कपाळ मोजलं गेलं, तिथे मी कसा बसलो असतो?

कोणी केस लावून घेतले तर मी हसत नाही. ज्याला त्यावाचून घराबाहेर पडवत नसेल, त्याने जरूर लावावेत. माझं तसं नव्हतं. माझे केस दोन-दोन बोटं गेले होते आणि ते भरायला सगळी टेकडी कापायची होती.

त्या उन्हाळ्यात दादूसच्या धाकट्या भावाची हळद झाली. तोच शूटिंगवाला, तीच लाईट. मी केस मागे वळवून बाबांशेजारी उभा होतो. लाईट आमच्यावर आली आणि शूटिंगवाला कॅमेऱ्याआडून ओरडला, "चाचा को थोडा साईड में लो, चमक रहा है!"

बाबा सवयीने बाजूला सरायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"कुठे जाताय? उभे राहा," मी म्हणालो, आणि शूटिंगवाल्याला सांगितलं, "चमकने दे. घे दोघांना."

पलीकडे दादूस हळदीने माखलेला उभा होता. तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला, आणि मूठभर हळद घेऊन आला. अर्धी त्याने बाबांच्या डोक्याला फासली, अर्धी माझ्या कपाळाला, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत.