दुसऱ्या हाताचं रक्त

चाचा पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत नसत. सकाळी सहाला ट्रे घेऊन वॉर्डात यायचे, कोपराच्या खळगीत बोटाने शीर चाचपायचे आणि नळी भरेपर्यंत बोलायचे नाहीत. नगरच्या त्या खासगी दवाखान्याची लॅब कित्येक वर्षं त्यांच्याच हातात होती. "तोंडावर माणूस धीर दाखवतो," ते म्हणायचे, "म्हणून मी तिकडं बघतच न्हाई."

माझे वडील, सुप्याच्या कारखान्यातले कामगार, आतड्याच्या ऑपरेशनसाठी तिथे होते. चाचा रोज त्यांच्या रक्तातला सीआरपी, म्हणजे आतली सूज सांगणारा आकडा, मोजत आणि रिपोर्टच्या मागे पेन्सिलीने त्याची रेघ काढत. "कापलं की शरीर भडकतं, बेटा. भडकायलाच पायजे. दोन-तीन दिवस आकडा चढणार. मग उतरला पायजे. न्हाई उतरला तर आत काहीतरी बिघडलंय." तिसऱ्या दिवशी रेघ एकशे ऐंशीला टेकली. "उद्या उतरायला पायजे," चाचा म्हणाले.

चौथ्या दिवशी ते भाचीच्या लग्नाला राहात्याला गेले. रक्त घ्यायला सिस्टर आल्या. वडिलांचा उजवा हात सुयांनी काळानिळा झाला होता, डाव्यात सलाईन चालू होतं.

"डाव्यातून घ्या," मी म्हणाले.

"सलाईनच्या हातातून घेत नसतात, ताई."

मी पेशंटच्या हक्कांवर भाषणच ठोकलं. कामगार संघटनेची पत्रकं लिहून लिहून जीभ तयार होती. सिस्टर कंटाळल्या आणि डाव्यातून रक्त घेतलं. सीआरपी आला पंच्याण्णव. डॉक्टरांनी तेवढा एकच आकडा पाहिला आणि पेज सुरू करायला सांगितली. ती मी माझ्या हाताने, चमच्या-चमच्याने पाजली.

पाचव्या दिवशी चाचांनी कालचा कागद वाचला. "सगळं निम्म्यावर आलं, आन साखर एकटी चारशेवर? ह्यांना शुगर हाय का?"

"नाही."

"मग ही साखर सलाईनमधली. रक्तात पाणी मिसळलंय. कुठल्या हाताचं घेतलं?"

मी डावा हात दाखवला. त्यांनी उजव्या हातावर कशीबशी जागा शोधली. यावेळी आकडा आला दोनशे नव्वद. आतड्याचा शिवलेला जोड सुटला होता. मी पाजलेली पेज पोटात सांडत होती.

"कालचं सँपल कोणी असं घेतलं?" डॉक्टर ओरडले. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीकडे.

"लॅब माझी हाय, साहेब. चूक माझी लिवा."

"तुम्ही तर रजेवर होता."

"रजेवर गेलो म्हणून तर झालं."

दुसरं ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी वडील गेले. तो एक दिवस हातात असता तर ते वाचले असते का, असं मी चाचांना विचारलं. "ते रक्तात दिसत न्हाई, बेटा," एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरात दवाखान्याने चाचांना काढून टाकलं. माझं डोकं पेटलं. मी एकाच बैठकीत दवाखान्याविरुद्ध पत्रक लिहिलं, शब्दाशब्दाला धार होती, आणि छापण्याआधी त्यांच्या घरी दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"लई जोरात लिवलंय. डॉक्टर हायेत, सिस्टर हाय, मी बी हाय." कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "तू कुठं हायेस?"

ते पत्रक छापलं नाही. चाचा गेल्या वर्षी गेले. पेज मी पाजली, हे आईला ठाऊक आहे. रक्त डाव्या हातातून कोणी घ्यायला लावलं, हे तिला आता इथेच वाचायला मिळेल.