दहा नंबरची गोटी

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं झोपतात. बाबा निवृत्त मेकॅनिक. त्या दिवशी पाने, पकडी, बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या पोकळ गोट्या रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायच्या, आईनं ओलं हळदकुंकू लावून अक्षता टाकायच्या आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी त्यांना शिवायचं नाही. सुटीत माहेरी आले की मी हे कौतुकानं बघायचे. त्या वर्षी मात्र त्या पाटाचा मला संताप आला.

आम्ही नांदगाव खंडेश्वरचे आणि आईचं डायलिसिस अमरावतीला. त्या दिवशी दुपारी दोनची पाळी होती. मागच्या पाळीला गाडी भर रस्त्यात बंद पडली, मागचा ट्रक कसाबसा वळला आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघं बाभळीखाली उभे राहिलो. पाळी गेली ती गेलीच, मधे दुसरी जागा मिळाली नाही. आईचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना, आणि आडवं झालं की धाप लागायची. हीसुद्धा पाळी चुकली तर काय, हे घरात कुणी उच्चारत नव्हतं.

गाडीचं दुखणं कळलं होतं. इंजिन फिरतंय हे गाडीला सांगणारा करंगळीएवढा सेन्सर तापला की मुका व्हायचा. नवा सेन्सर एका बसच्या ड्रायव्हरबरोबर अमरावतीहून मागवला. तो हातात पडला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि पूजा आटोपली होती. गावातल्या प्रत्येक गॅरेजचं शटर खाली. ज्यांच्या गाड्या भाड्यानं मिळायच्या ते देवाला गेलेले. बसची पायरी आईला चढवत नव्हती.

"बाबा, पाने घ्या," मी म्हणाले.

"पूजेतलं उचलत नसतात," ते म्हणाले. आवाज कडक होता, पण माझ्याकडे बघत नव्हते.

मी काही तरी वाईट बोलणार होते. तेवढ्यात आई ओसरीवरून म्हणाली, "नमस्कार करा अन् उचला. मले दम नाही पुरून राह्यला."

बाबांनी हात जोडले. ओठ हलले, काय म्हणाले ते कळलं नाही. मग दांडा आणि त्यात अडकवायची दहा नंबरची गोटी उचलून ते गाडीकडे आले.

सेन्सर इंजिनच्या मागं, पार खाली. बाबांचा पंजा मधल्या पाइपांपाशीच अडकला. दोनदा ढकलला, सालटं निघालं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी मला साधा स्क्रूड्रायव्हर धरू दिला नव्हता.

"बांगड्या काढ," ते म्हणाले.

उघड्या बॉनेटवरून लोंबणारा झेंडूचा हार बाजूला केला आणि मी खांद्यापर्यंत हात आत घातला. काही दिसत नव्हतं. बोटांना बोल्टचं डोकं लागलं. गोटी टेकवली, दांडा ओढला, घसरली. पुन्हा घसरली.

"नीट बसव ना! कडा झिजल्या तं बोल्ट निघत नसते मंग!"

"बसवतेच आहे!"

"नाही बसवून राह्यली तू!"

तिसऱ्यांदा घसरली आणि बोटं लोखंडावर आपटली. बारा वीस झाले होते. आईला मागच्या सीटवर आधीच बसवलं होतं, दार उघडं होतं, तिचा श्वास मला बॉनेटखाली ऐकू येत होता. मला भीती वाटत होती. भीतीपेक्षा लाज जास्त, कारण हात माझाच होता.

"बाहेर काढ," बाबा म्हणाले. त्यांनी गोटी उजेडात धरली आणि आत पाहिलं. मीही वाकून पाहिलं. तळाशी ओल्या कुंकवात तीन-चार अक्षता घट्ट चिकटल्या होत्या. गोटी खोल बसणार कशी?

बाबांनी पिनेनं ते दाणे काढून खिशात टाकले, आत फडकं फिरवलं आणि मान जरा मागे वळवून मोठ्यानं म्हणाले, "बोल्ट जाम हाये. निघते आता."

चौथ्यांदा गोटी चपखल बसली. बोल्ट कुरकुरला आणि सुटला. नवा सेन्सर बसवून गाडी सुरू केली तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती.

पण गाडी सुरू तर आधीही व्हायची. बंद पडायची ती तापल्यावर. म्हणजे खरी परीक्षा रस्त्यावरच होती. बाबा चालवत होते, मी इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होते. ती बाभूळ आली. बाभूळ मागे गेली, तरी बाबांची बोटं स्टीअरिंगवर तशीच आवळलेली होती. दोनला सात मिनिटं असताना आईला व्हीलचेअरवर बसवलं. तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. बाबांनी मला माझ्या बांगड्या परत दिल्या.

अक्षतांचं आईला आम्ही कधीच सांगितलं नाही. तिनं श्रद्धेनं वाहिलेल्या, आणि त्यांच्यामुळंच तिची पाळी हुकत होती, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या खंडेनवमीला मी घरीच होते. आईनं पाट मांडला, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, मुठीत अक्षता घेतल्या. टाकायच्या आधी थांबली आणि दहा नंबरची गोटी उचलून पालथी ठेवली.

"अवं, पूजेत पालथं ठेवते काय कोनी?" बाबा म्हणाले.

"मी ठेवते," आई म्हणाली. "मले उद्या पाळीवर जाचं हाये."