दोनच वर्षांसाठी

नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आमच्या शेजारी एक इटालियन आजी राहतात. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे त्या तरुणपणी इथे आल्या, आता पणजी झाल्या आहेत. त्यांची मुलं-नातवंडं इथल्या रिवाजाप्रमाणे वेळ ठरवून येतात. आजींना ते अजून पटलेलं नाही. "आईकडे यायला अपॉइंटमेंट?" असं पुटपुटत त्या दर रविवारी सगळ्यांची ताटं मांडतात आणि कुणी आलं नाही की कुंपणावरून मला हाक मारतात, "पोरी, नवऱ्याला घेऊन ये!" नाही म्हणायची सोय नाही.

त्यांच्या परसात अंजिराचं झाड आहे. मी अंजिरांच्या सासवडची, त्यामुळे आमचं मेतकूट जमलं ते त्या झाडावरूनच.

परवा आजी माझा डबा परत द्यायला आल्या, अर्थातच भरून. जिन्याखाली टीव्हीची, मिक्सरची रिकामी खोकी रचलेली बघून थबकल्या.

"ही कशाला ठेवलीस?"

"परत जाताना सामान भरायला लागतील. आम्ही दोनच वर्षांसाठी आलोय."

"किती झाली?"

"सात."

एरवी खळखळून हसणाऱ्या आजी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंजिराचं रोप घेऊन दारात उभ्या. मी कुंडी आणायला वळले, तर त्यांनी माझा हात धरला.

"जमिनीत लाव. आम्हीही दोनच वर्षांसाठी आलो होतो. परत नेता यावं म्हणून माझं झाड कुंडीतच ठेवलं, तिथे ते कधी फळलंच नाही. नवरा गेल्यावर जमिनीत लावलं. त्याच्या वाट्याला एकही अंजीर आलं नाही."