गाडी फाटकापर्यंत

पहिला सांगितलेला भाव मी आयुष्यात एकाच गोष्टीचा निमूटपणे दिला. नाशिकरोडच्या जेलपर्यंतच्या रिक्षाचा. ते मला अजून डाचतं.

माझं भांड्यांचं दुकान आहे. आता दुकान म्हणायचं, सुरुवात पाटीवरच झाली. वणीचा बाजार, येवल्याचा बाजार, एसटीच्या मागच्या सीटखाली पातेल्यांची गोणी सरकवायची आणि लगेजवरून कंडक्टरशी भांडायचं. बाजारात जागेवरून भांडायचं, मग गिऱ्हाइकाशी भावावरून. सासरचे मला तापट म्हणतात. तापट नसते तर ती पाटी अजून डोक्यावर असती.

जेलची वाट मला माझ्या थोरल्या दिरांमुळे माहीत झाली. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. भांडण त्यांच्या दुकानापुढचं होतं. शेजारच्याने टेम्पो आडवा लावला, भाऊजींनी शिव्या दिल्या, शेजारी अंगावर आला. भाऊजी पोलिसांना फोन लावतो म्हणून आत गेले आणि आतच राहिले. माझा नवरा तिथे चहा प्यायला गेला होता. त्याने शटरची सळई उचलली. शेजाऱ्याचं डोकं फुटलं, टाके पडले, तो वाचला. नवरा आत गेला. एकदा जामीन नाकारला गेला. सळई उचलली हे त्याचं चुकलंच, मी त्याला समोरासमोर तसं सांगितलंय. पण भांडण कोणाचं होतं, हेही मी विसरत नाही.

जेलमधल्या पहिल्या मुलाकतीला, म्हणजे भेटीला, मी एकटीच गेले. निमाणीहून सिटी बस धरली. द्वारका चौकात नेहमीसारखी अडकली, आणि नाशिकरोडला उतरले तेव्हा मुलाकतीची वेळ जवळ आली होती. रिक्षास्टॅण्डवर गेले आणि तोंडातून शब्द फुटेना. भर बाजारात पोलिसाला सुनावणारी बाई मी, आणि 'जेल' एवढं म्हणता येईना. जेलरोड, जेलरोड म्हणत राहिले. त्या रस्त्यावर निम्मं नाशिकरोड राहतं. रिक्षावाल्याने माझ्या हातातली कपड्यांची पिशवी पाहिली आणि मला सोडवल्यासारखं विचारलं,

"कैद्यांच्या वस्तूंच्या दुकानात जायचंय का, ताई?"

जेलमध्ये केलेल्या खुर्च्या-सतरंज्या तिथे विकायला असतात. मी म्हटलं, हो, खुर्च्या बघायच्यात.

"स्पेशल पडेल. शंभर."

मी शंभर दिले. रस्ता दीड-दोन किलोमीटरचा. त्याने मला दुकानाशी नाही, बरोब्बर मुलाकतीच्या रांगेपाशी उतरवलं, आणि जाताना गालातल्या गालात हसला. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. लाज वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव विचारायचं सुचत नाही, हा धंदा मीही ओळखते. लग्न मोडून परत आलेल्या मुलीची आई भांडी मोडीत घालायला येते, तेव्हा तीही भाव विचारत नाही. मी तिला कमी दिलेत, असं नाही म्हणणार. पण जास्तही दिलेले नाहीत.

पुढचे चार आठवडे मी तशीच गेले. फाटकाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचं, तोंडावर स्कार्फ, बाकीचं चालत. माझ्यासारखेच दुसरे दिसायचे. हातात पिशवी, आधारकार्डाची झेरॉक्स, आणि नजर भलतीकडेच. एकाच ठिकाणी जायचं असून स्टॅण्डवर आम्ही एकमेकांपासून दहा-दहा फुटांवर उभे राहायचो, एकेकट्याने स्पेशल रिक्षा करायचो आणि फाटकाशी पुन्हा एकाच रांगेत भेटायचो. तिथेही ओळख नाही.

मग सासूबाईंच्या पोटातली गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, धाकट्याला बघितल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाय. डॉक्टरांनी समजावलं, शेजारणींनी समजावलं. त्या दिंडोरीकडच्या, बोलणं थोडं आणि एकदा बोललं की फिरवायचं नाही. मुलाकतीला शनिवारचीच वेळ मिळत होती.

त्यांना बसची पायरी चढवत नव्हती, म्हणून मी भाऊजींकडे गाडी मागायला गेले. त्यांची गाडी पांढरी आहे, आणि मागच्या काचेवर रेडियमची ठसठशीत अक्षरं आहेत: आईचा आशीर्वाद. ती अक्षरं चिकटवली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते.

भाऊजींनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "मुक्तिधाम मंदिरापर्यंत सोडतो. देवदर्शनाला निघालो म्हणू. तिथून तुम्ही रिक्षा करा."

मी विचारलं, पुढचे दोन किलोमीटर काय अडलंय?

"ती काच अख्खा गाव ओळखतो. जेलच्या फाटकाशी गाडी दिसली की उद्या दुकानात चर्चा."

मी पाणी तसंच ठेवलं. म्हटलं, भाऊजी, आईचा आशीर्वाद चालतो आणि आईच चालत नाही का? ते म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत भांडायचंच असतं. मी म्हटलं, माझं भांडण मी स्वतः लढते, आत जाऊन फोन लावत नाही. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेल्या. मी घरी आले.

बाजारात एक गोष्ट शिकले होते. दुकानदार अडून बसला तर वाद घालायचा नाही. वस्तू खाली ठेवायची, उठायचं आणि चालू लागायचं. चार पावलांत हाक येते. नाही आली, तर समजायचं आपलं काही गेलं नाही.

शनिवारी सकाळी मी सासूबाईंना घेऊन निमाणीला गेले. पहिल्या बसची पायरी उंच होती. कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना चढवलं. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. द्वारकेला बस अडकली. मी घड्याळ बघत होते. त्या खिडकीतून पुलाकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, इथं पूर्वी एवढं काय नव्हतं.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा वेळ थोडाच उरला होता. स्टॅण्डवर तोच शंभरवाला होता. त्याने मला ओळखलं.

"आज पण खुर्च्या का, ताई?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय ते कळेना. माझ्या डोक्यात जे चढलं ते त्या रिक्षावाल्यावर चढलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. ते त्या पाच आठवड्यांवर चढलं होतं. मी स्कार्फ काढून पिशवीत कोंबला आणि आठवडी बाजारात देते तसा आवाज दिला.

"मुलाकतीला कोण कोण आहे? जेलच्या फाटकाशी जायचंय. एका रिक्षात बसू, शेअरच्या भावात."

वडापावच्या गाडीवरच्यानेही मान वर केली. पिशवीवाल्या चार-पाच जणांनी माना खाली घातल्या. बुरख्यातली एक बाई मोबाइल बघू लागली, पण तिचा स्क्रीन काळा होता. मला वाटलं, चुकलं आपलं. गिऱ्हाईक नसताना आवाज दिला की असंच होतं.

मग टोपीवाले एक म्हातारे खांबामागून पुढे आले. हातात दोरीने बांधलेली चादर होती. ते माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "बाई, नातवासाठी जायचंय. बसू का?"

"बसा की," सासूबाई म्हणाल्या. "माझा लेक हाय आत."

एवढं झाल्यावर बुरख्यातली बाईही आली. सासूबाईंना मध्ये घेतलं, मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धी बसले. रिक्षावाला म्हणाला, ताई, हे परवडत नाही. मी म्हटलं, नाही परवडत तर मागच्या रिक्षाला विचारते, आणि पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर पाच जण असतील, तेव्हाही त्यालाच विचारीन. त्याने किक मारली. म्हातारे मागून म्हणाले, मी दोन महिने स्पेशलनं जातोय. बुरख्यातली बाई हसली. जेलच्या वाटेवर मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

समोरच्या टपरीत मोबाइल ठेवला, आधारकार्डं दाखवली, रांग लावली. आमचा नंबर अगदी शेवटी लागला, पण लागला.

काचेपलीकडे नवरा आला. आईला बघून त्याचं तोंड उतरलं. रिसीव्हर मी सासूबाईंच्या चांगल्या कानाला लावला आणि स्वतः त्यांच्या गालाला गाल लावून ऐकत राहिले. तो म्हणाला, हिला या हालतीत कशाला आणलं?

"मला कोणी आणलं नाय. मीच आले. दाढी कशाला वाढवली?"

तो म्हणाला, आतला न्हावी रविवारी येतो. मग ऑपरेशनचं विचारलं. त्या म्हणाल्या, किरकोळ हाय. मग त्याने ते विचारलं, ज्याची मला भीती होती. "दादा आलाय?"

मी रिसीव्हर ओढून घेणार होते. सगळं सांगून टाकणार होते, मुक्तिधाम, काच, देवदर्शन. सासूबाईंनी तो घट्ट धरला.

"आलाय. गाडी बाहेर उभी हाय. त्याला आत सोडलं नाय, नाव नव्हतं यादीत."

नवऱ्याचा चेहरा सैल पडला. पाच आठवड्यांत मी त्याला असं काही देऊ शकले नव्हते. त्याने काचेला हात लावला, आईने लावला, आणि वेळ संपली.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंवर चिडले. आजारी माणसावर चिडू नये हे मला कळतं, पण चिडले. म्हटलं, आई, त्यांच्यासाठी अजून खोटं बोलायचं? ते तर दुकानात गल्ल्यावर बसलेत. त्या कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर बसल्या, चष्मा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बोलले खरं. आता ते खोटं ठरायला नको. त्याला म्हणावं, गाडी घेऊन ये. हितंच."

टपरीतून मोबाइल घेतला तर भाऊजींचे सहा मिस्ड कॉल होते. म्हणजे चार पावलांत हाक आली होती, मलाच ऐकू आली नव्हती. फोन लावला. ते मुक्तिधामच्या फाटकाशी गाडी घेऊन थांबले होते. म्हणाले, आईला रिक्षाने इकडे आण, मी घरी नेतो.

मी म्हटलं, सकाळी मुक्तिधाम चाललं असतं. आता जेलचं फाटक.

"अगं, तिथं नको. समजून घे."

"आईंनी आत सांगितलंय की तुम्ही बाहेर उभे आहात. तुमच्यासाठी त्या पोटच्या पोराशी खोटं बोलल्या. मी इथेच बसलेय. नाही आलात तर आलो तसे बसने जाऊ."

फोन बंद झाला. कोणी बंद केला ते आठवत नाही, मीच असेन.

ते अर्ध्या तासाने आले. गॉगल लावलेला, काचा वर. गाडी त्यांनी फाटकासमोर आणली, मग मागे मागे घेत कंपाउंडच्या भिंतीला अशी टेकवली की मागची काच भिंतीकडे जावी. पोचा आलेलं पातेलं आम्हीही तसंच मांडतो, पोचा भिंतीकडे. मी बावीस वर्षं भांडी विकतेय. मला कोण फसवणार?

मी काचेवर टकटक केलं. म्हटलं, आईंना त्या बाजूनं बसता येणार नाही, गाडी वळवून लावा. ते म्हणाले, अशीच राहू दे, धरून बसव. पण सासूबाई कट्ट्यावरून उठल्याच नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, मांडीवर हात ठेवून. त्यांच्यापुढे कोणाचा भाव चालत नाही.

भाऊजींनी गाडी वळवली. अक्षरं फाटकाकडे झाली. उतरून त्यांनी दार उघडलं, आईला हात दिला. पहाऱ्यावरचा शिपाई बघत होता, टपरीवरचे लोक बघत होते, चादरवाले म्हातारेही. आभाळ कोसळलं नाही. सासूबाई बसता बसता त्यांना म्हणाल्या, "तुझी आठवण काढली त्यानं." भाऊजींनी गॉगल काढला नाही, पण दार हळू लावलं.

मला म्हणाले, बस. मी म्हटलं, भाव आईंपुरता ठरला होता. मी त्या म्हाताऱ्यांच्या आणि बुरख्यातल्या बाईच्या रिक्षात बसून नाशिकरोडला आले आणि बसने घरी.

ऑपरेशन नीट झालं. नवरा अजून आत आहे, पुढच्या तारखेला जामिनाचं पुन्हा बघू. दर शनिवारी मी स्टॅण्डवर आवाज देते. आता माना खाली जात नाहीत, कधी कधी माझ्याआधीच दुसरं कोणी हाक मारतं. शंभरवाला मला बघून दुसरीकडे जातो.

भाऊजी हल्ली निरोप पाठवतात, गाडी हवी असली तर सांग, फाटकापर्यंत येईन. मी काही कळवलेलं नाही. भाव त्यांना माहीत आहे. यादीत स्वतःचं नाव घालायचं, आधारकार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि काचेपलीकडच्या माणसाला सांगायचं की ते भांडण माझं होतं. त्यात एक पैसाही कमी होणार नाही.