सैल न केलेला पट्टा

माझे वडील गिरणीत पट्टा सांभाळायचे. कापसाच्या गाठी पुढच्या खात्यात नेणारा लांबलचक रबरी पट्टा. कन्व्हेयर हा शब्द साहेबांचा. वडिलांच्या मते माल हलवायच्या तऱ्हा तीनच. रोलरवर गाठी माणसाला ढकलाव्या लागतात, घसरगुंडीवरून आपल्या आपण जातात आणि पट्ट्यावर बसल्या जागी पोचतात. "पुढाऱ्यांसारख्या," ते म्हणायचे.

लांब सुट्टीआधी पट्ट्याचा ताण सोडायचा, अशी रीत होती. टोकाच्या रोलरचे दोन स्क्रू सैल करायचे, नाहीतर उभ्या उभ्या रबराचा जीव जातो. गणपतीला, दिवाळीला ते हे न चुकता करत. संपाआधीच्या शेवटच्या पाळीला मात्र केलं नाही. आठ दिवसांत परतायचंच होतं. सगळेच तसं म्हणत होते.

दोन महिन्यांनी ते परळला गिरणीच्या गेटवर गेले. "पाच मिनटं आत सोड रे. ताण तेवढा सोडून येतो."

वॉचमन ओळखीचा. "जा की. पण बाहेर आलास की हे काय म्हणतील?"

हे म्हणजे समोर बसलेले वडिलांचेच सोबती. त्यांतला एक ओरडलाच, "काय रे, कामावर चाललास?"

वडील मागे फिरले. पुढे कित्येक महिने जेवताना मध्येच थांबायचे. "पट्टो अजून ताणलेलोच आसतलो."

"आणि आमी?" आई विचारायची.

गिरणी उघडली नाही. तिथे मॉल झाला. धुराडं तेवढं ठेवलंय. त्यावर निळे दिवे सोडतात, आणि खाली पाटीवर कामगारांच्या घामाला वंदन केलंय. मॉलच्या आत घाम येऊ नये याची चोख व्यवस्था आहे.

वडील सत्तरीचे झाल्यावर मी त्यांना तिथे नेलं. बिलाच्या काउंटरवर सामान पुढे सरकवणारा छोटा पट्टा होता. साबण हातात तसाच ठेवून त्यांनी दुसरा तळवा पट्ट्यावर टेकवला.

"काका, हात काढा ना, मागे लाइन आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"डावीकडे ओढतोय गो. मागचा डावा स्क्रू अर्धा फेरा आवळायला सांग."

"बरं, सांगते."

"आणि सुट्टीत बंद ठेवता तेव्हा ताण सोडता ना?"

ती हसली. "इथे कसली सुट्टी काका? उद्या परत यायचंच असतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात काढला आणि साबण पट्ट्यावर ठेवला. तो किंचित डावीकडे सरकत पुढे गेला.