होडीचं डांबर आणि बाबाचे बूट

माझ्या बाबाला ज्यांनी बूट घालायला लावले त्यांचं कधी भलं व्हायचं नाही, असं माझी आई म्हणायची. आई गेली. आता तिच्या वाटचं मी म्हणते.

आमचं घर खाडीकाठच्या करावे नावाच्या गावात. बाबाचे पाय भाताच्या खाचरात आणि खाडीच्या चिखलात वाढलेले. पंजे रुंद, बोटं फाकलेली. लग्नाकार्याला जाताना तो वहाणा घालायचा, त्याही अर्ध्या वाटेत काढून हातात घ्यायचा. मग नवं शहर आलं. आमच्या खाचरांवर भराव पडला आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळेल असं सांगण्यात आलं. ते ‘मिळेल, मिळेल’ ऐकता ऐकता आम्ही पोरं मोठी झालो. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी बाबाला ती एकदाची मिळाली. शिपायाची, त्याच नव्या शहराच्या ऑफिसात. तीसुद्धा परीक्षेवर. सहा महिने काम बघू, पसंत पडलं तर कायम करू, नाहीतर बस घरी. आणि घरटी एकच म्हणजे एकच. बाबाच्या हातून ती गेली तर माझ्या भावाला नाही, मला नाही, कोणालाच नाही.

खाकी कपडे ऑफिसनं दिले. बूट ज्याचे त्याने आणायचे, काळे आणि चामड्याचेच. चपलेवर आलास तर दारातून परत पाठवीन, असं हेडक्लार्कनं पहिल्याच दिवशी बजावलं. बाबानं पनवेलच्या बाजारातून वापरलेले बूट आणले. लांबीला बरोबर होते, रुंदीला नुसता छळ. संध्याकाळी तो घरी आला की आई कोमट पाण्यात मीठ टाकून त्याचे पाय बुडवायची आणि तोंडानं अख्ख्या ऑफिसचा उद्धार करायची. बाबा म्हणायचा, “गप गो. कायम होऊ दे, मंग बोल.”

पाऊस सरत आला तसा उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला. चालताना फटक फटक वाजायचा. पनवेलला एस.टी. स्टँडजवळ एक चांभार बसायचा. त्याच्याकडे बाबा बूट घेऊन गेला. मला शाळेच्या वह्या घ्यायच्या होत्या म्हणून मीही बरोबर होते. चांभारानं बूट उलटा केला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाला, “आतलं कुजलंय. नवा सोल टाकावा लागेल. दोन दिवस ठेवून जा.”

“दोन दिस? मंग मी कामावर काय तुज्या चपला घालून जाऊ?”

चांभार हसला. “दुसरा जोड नाही?”

दुसरा जोड म्हणे! आम्हाला पहिलाच जड झाला होता. आणि परीक्षेवरच्या माणसाला रजा कोण देतो? आम्ही बूट पिशवीत घालून तसेच परत आलो.

रविवारी बाबा ओट्यावर बसला. जाळं विणायची सुई काढली, नायलॉनचा दोरा काढला, खिळा तापवून चामड्याला भोकं पाडली आणि सोल शिवायला घेतला. टाके बघून आई म्हणाली, “अवो, बूट शिवताव का जाला? बोंबील अडकंल त्यात!” बाबानं मान वर केली नाही, पण गालात हसला. शिवून झाल्यावर त्याच्या मनात आलं, टाक्यांतून पाणी शिरणार. आमची होडी तोवर विकून झाली होती, पण तिच्या फटी बुजवायच्या डांबराचा डबा मागच्या पडवीत पडून होता. बाबानं डांबर चुलीवर पातळ केलं आणि शिवणीवरून, सोलावरून, सगळीकडून फासलं. सुकल्यावर बूट पायात घालून बादलीत उभा राहिला. आत एक थेंब नाही!

“होरीत कंदी पानी येऊ दिलं नाय,” तो म्हणाला, “आन या बुटात येऊ देईन?”

आम्ही सगळे हसलो. कितीतरी दिवसांनी तो आपल्या हातच्या कामावर खूश झालेला मी पाहिला. शेणानं सारवलेल्या जमिनीवर चार फेऱ्या मारून त्यानं बूट चालवूनही बघितला. आता त्या जमिनीवर डांबराचा डाग दिसणार कुठून? आणि होडी असते पाण्यात. तिच्या तळाला ऊन लागत नाही.

ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्याच आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब येणार होते. बाबा सकाळी चहा पिऊनच निघाला, म्हणून डबा घेऊन मी मागून गेले. साहेबांची गाडी येईपर्यंत सगळ्या शिपायांना पोर्चबाहेरच्या सिमेंटवर, भर उन्हात, ओळीनं उभं केलं होतं, हे मला नंतर कळलं. मी पोचले तेव्हा ओळ मोडून सगळे आत गेले होते. मी दारातून आत वाकून बघितलं तर पांढऱ्या फरशीवर काळे ठसे. पायरीपासून साहेबांच्या केबिनपर्यंत, तिथून चहाच्या टेबलापर्यंत आणि परत. सगळे उजव्या पायाचे.

“कोण गाढव चाललंय हे? बघा रे आपापले पाय!” हेडक्लार्क ओरडत होता. ऑफिसातली माणसं एका पायावर उभी राहून आपापल्या बुटांचे तळ बघत होती. बाबानं बघितला नाही. त्याला बघायची गरज नव्हती. त्यानं खाली बसून नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट हातात घेऊन उभा राहिला.

“माजा हाय,” तो म्हणाला.

त्यापुढचं हेडक्लार्कचं बोलणं मी लिहीत नाही. माझ्या बापाला त्यानं आई-बहिणीवरून शिव्या दिल्या आणि बापानं त्या मान खाली घालून ऐकल्या. एरवी गावात कोणी असा एक शब्द काढला असता तर त्याचे दात हातात आले असते. मग रॉकेल आलं, चिंध्या आल्या. बाबा गुडघ्यांवर बसला आणि एकेक ठसा घासायला लागला. चांगलं करायचं म्हटलं की तो करायचाच. फरशी अशी निघाली की ठसे कुठे होते ते सांगता येईना. इतक्यात मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. थांबले. बाबाला घासताना बघत राहिले.

“हात बरा आहे याचा,” ते हेडक्लार्कला म्हणाले. “चहाच्या टेबलाजवळ नको हा माणूस. याला फरशीवरच ठेवा.” आणि हसले. ते हसले म्हणून सगळे हसले. मी दारात डबा धरून उभी होते, बाबानं मला बघितलं आणि पुन्हा खाली बघून घासायला लागला.

फरशी पुसणं मी हलकं मानत नाही. मी स्वतः दुसऱ्यांच्या घरी पुसली आहे आणि त्यावर माझी पोरं शिकली. पण कोणी कुठं बसायचं हे हसता हसता ठरवून टाकणारी ती माणसं! जमीन आमची घेतली, तिच्यावर फरशी घातली आणि वर आमच्याच माणसाला तिच्यावर गुडघे टेकायला लावले. मला तेव्हा राग आला होता, आजही येतो. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबाच्या हातात बादली आली. घरी मी भांडले. म्हटलं, सोड ती नोकरी, लाथ मार. तो म्हणाला, “जमीन गेली, होरी गेली. ही पन सोडू? मंग तुमी काय खाशा?”

सहा महिने भरले आणि बाबा कायम झाला. हो, झाला की! फरशीवर. आईला तेव्हा सगळं ठाऊक होतं, तरी तिनं नवं लुगडं नेसून पेढे आणवले. गल्लीतली माणसं आली, “नशीब काढलंस रं” म्हणून बाबाची पाठ थोपटून गेली. बाबा कोपऱ्यात बसला होता. आईनं पेढा पुढे केला तर त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, हाताला रॉकेलचा वास येतोय. मग आईनंच तो त्याला भरवला. त्यानं सावकाश खाल्ला, उरलेला पुडा तिच्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सगल्या आळीत वाट. पन कोनी इचारलं तर शिपाई म्हनूनच सांग.”